बोलणारी बाई, नग एक

सरकारी ऑफिसात धूळ आणि किस्से आपोआप साचतात. धूळ निदान पंधरा ऑगस्टच्या आधी झाडली जाते, किस्से कोणी झाडत नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावेत. वाशिम जिल्ह्यातला तालुका कोणता ते मात्र विचारू नका, साहेब अजून नोकरीत आहेत.

दाखल्यांच्या केंद्रात एक नंबरच्या खिडकीवर मी बसते. दोन नंबरवर अनसिंगचा सुदाम आला. त्याला जन्मापासून दिसत नाही. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर त्याने पेनड्राइव्हवर आणलं आणि दहा मिनिटांत मशीन मराठी बोलायला लागलं. आमच्या नायब तहसीलदार साहेबांनी अट घातली की तीन महिने बघू, एक जरी अर्ज चुकला तर खिडकी बंद. सुदाम म्हणाला, “चालते.” पण त्याने हात टेकले होते तिथे टेबल घामाने ओलं झालं होतं.

*

पहिल्या आठवड्यात हेडफोन नव्हते, सगळं स्पीकरवर. शेलूबाजारचे एक आजोबा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आले. मशीनमधून बाईचा आवाज आला, “अर्जदाराचे नाव.” आजोबांनी हात जोडून नाव सांगितलं. “वडिलांचे नाव.” तेही सांगितलं. सुदाम मुकाट्याने टाइप करत होता. काम झाल्यावर आजोबांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

“बाई कुठं बसवली हाय? कवाची बोलून राह्यली बिचारी, तिले च्या तरी पाजा.”

शिपायाने खरंच चहा आणला. तो मी प्यायले. तेव्हापासून आमच्याकडे त्या सॉफ्टवेअरचं नाव बाई.

*

एका साइटवर फॉर्म उघडण्याआधी एक चौकोन यायचा. त्यावर टिक करायची. बाई तिच्या त्या पत्र्यासारख्या आवाजात वाचायची, “मी यंत्रमानव नाही.”

रांगेतली एक म्हातारी दचकून म्हणाली, “मंग कोन हायेस वं तू?”

*

सुदाम स्क्रीन बंदच ठेवायचा. त्याला तिचा काय उपयोग? साहेब एकदा अचानक तपासणीला आले आणि काळ्या स्क्रीनसमोर धडाधड टायपिंग चाललेलं पाहून भडकले. मशीन बंद ठेवून नाटक कोणाला दाखवतोस, असं विचारेपर्यंत प्रिंटरमधून दाखला बाहेर आला.

साहेबांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. चूक नाही. मग त्यांनी रागारागाने माझ्या खिडकीवरचा दाखला उचलला. त्यात दोन निघाल्या.

*

स्टोअरच्या इंगोले बाबूंना वेगळीच काळजी. ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूला नंबर हवा आणि डेडस्टॉक रजिस्टरला नोंद हवी. सुदामने सांगितलं, सॉफ्टवेअरला हात लावता येत नाही, ते कोणीही घ्यावं, दुसऱ्याला द्यावं, जमलं तर सुधारावं. इंगोले बाबूंचा चेहरा उतरला. “मंग मालक उद्या परत मांगाले आला तर?”

शेवटी त्यांनी रजिस्टरला लिहिलं, ‘बोलणारी बाई, नग एक, स्थिती चांगली.’ नंबराची चिठ्ठी सुदामच्या खुर्चीच्या पाठीला चिकटवली. ती सुटून त्याच्या शर्टाला चिकटली आणि तसाच तो अनसिंगला गेला. बायकोने घरी काढली.

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, “बरं झालं ताई. डेडस्टॉकले नंबर पडला म्हणजे मले आता ऑफिसातून काढता येत नाही.”

हसलो आम्ही, पण महिना कितवा चालू आहे ते दोघांनाही पाठ होतं.

*

बाई गावांची नावं फार वाकडी बोलायची. त्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दांची यादी करता येते, अमुक शब्द आला की तमुक म्हण. सुदामने तिला गावं शिकवली. मग चावटपणा सुरू. ‘अर्ज नामंजूर’ आलं की बाई म्हणायची, “गेलं बाप्पा.” मी म्हटलं, कोणी ऐकलं तर? तो म्हणाला, कानात हेडफोन आहे, कोण ऐकणार? आणखी कोणते शब्द शिकवले ते काही त्याने सांगितलं नाही.

*

तीन महिने संपले. साहेबांचं पत्र सुदामच्या मशीनवर आलं. त्याने उघडलं आणि बाई इंग्रजी अक्षरांचा नुसता भुसा बडबडायला लागली. टायपिस्टने पत्र जुन्या फॉन्टमध्ये केलं होतं. तो डोळ्यांना मराठी दिसतो, बाईला नाही.

मी स्क्रीन चालू करायला उठले. सुदामने माझा हात धरला.

“राहू दे ताई. पत्र माह्या नावाचं हाय. मीच वाचीन.”

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

तो थेट साहेबांकडे गेला. तुमचं पत्र बाईला वाचता येत नाही, असं सांगितलं. टायपिस्ट रजेवर. साहेब उठले, स्क्रीन चालू करून सुदामच्या खुर्चीत बसले आणि बाईला कळणाऱ्या नवीन फॉन्टमध्ये एका बोटाने पत्र पुन्हा टाइप करू लागले. पाऊण तास लागला. सगळं ऑफिस भोवती उभं. शेवटी साहेबांनी स्वतःच हेडफोनची वायर उपटली. म्हणाले, “वाच आता. सगळ्यांना ऐकू दे.”

सुदाम एकदम म्हणाला, “साहेब, वायर...” पण साहेबांनी बटण दाबलं होतं.

बाई स्पष्ट आवाजात वाचू लागली. “श्री. सुदाम खिल्लारे यांना खिडकी क्रमांक दोनवर कायम ठेवण्यात येत आहे. त्यांचे काम निर्दोष आहे. सही. बुढा आला, चूप बसा.”

ऑफिस चूप बसलं.

साहेबांनी पत्राच्या खाली लिहिलेला आपला ‘नायब तहसीलदार’ हा हुद्दा पाहिला. मग सुदामकडे पाहिलं. मग खुर्ची थोडी पुढे ओढली.

“पुन्हा वाचायला लाव.”