फादर येतो म्हणाले

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही — आणि जिथे फादरांपुढे गुडघे टेकून पापं सांगायचीच असतात, त्या कुमसारातही नाही. तुम्हाला सांगते.

लग्नानंतर आम्ही वसईहून पिंपरीला आलो. पास्कलला, माझ्या नवऱ्याला, नव्या कारखान्यात काम लागलं होतं. भोवती सगळी बाजरीची शेतं. चर्च थेट खडकीला. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना गाडीत चढवेना. दर रविवारी चर्चमधली मिस्सेची प्रार्थना चुकते म्हणून त्या झुरायच्या. आजाऱ्याला मिस्सेची सक्ती नसते, हे मी किती वेळा सांगितलं. त्या म्हणायच्या, "मिस्सेचं देव बघून घेईल. पण कुमसार तरी करू दे. फादरांना सांग ना, एकदा घरी या म्हणून."

त्या रविवारी पास्कलची पाळी होती, मी एकटीच निघाले. खडकी स्टेशनवर माझ्या माहेरची सिसिल भेटली. चहापुरती म्हणून तिच्या घरी गेले आणि — काय सांगू — उठवेचना. किती महिन्यांनी मी अशी हसत होते. मिस्सेची घंटा ऐकू आली. तरी बसून राहिले. जाणूनबुजून.

घरी आले तर सासूबाई दारातच. "सांगितलंस?"

मिस्सा बुडवली, हे कोणत्या तोंडाने सांगणार? "हो," म्हटलं, "येतो म्हणाले."

पुढच्या रविवारी खरंच सांगता आलं असतं, नाही का? पण फादर आले आणि म्हणाले, मला तर आजच कळलं — तर? त्या भीतीने गप्प राहिले. तो रविवार गेला, अख्खा पावसाळा गेला. "कामात असतील," मी म्हणायचे. आणि त्या दर रविवारी दुपारी धुतलेलं लाल लुगडं नेसून बाजेवर वाट बघत बसायच्या.

नाताळाच्या आधी त्यांना ताप भरला. तिसऱ्या दुपारी धाप लागली. पास्कल सायकलवरून फादरांना आणायला धावला. सासूबाईंनी माझा हात धरला. "ते पोचायचे नाहीत. तूच ऐक, पोरी. माझ्या मनात फादरांविषयी राग आहे. इतकं बोलावलं, आले नाहीत. एका म्हातारीला विसरले. हे पाप ना गं?"

मी तोंड उघडलं होतं — खरंच उघडलं होतं. पण त्या इतक्या विश्वासाने बघत होत्या. "नाही, आई. हे पाप नाही," एवढंच म्हटलं आणि त्यांचे केस सारखे केले.

फादर आले तेव्हा त्या गेल्या होत्या.

पास्कल अबोल माणूस. त्याने फादरांना कधी जाब विचारला नाही, पण पुन्हा त्यांच्याशी नीट बोललाही नाही. समोर आले की मान फिरवायचा. दोन वर्षांनी फादरांची बदली झाली. निघण्याआधीच्या रविवारी त्यांनी मला चर्चच्या पायरीवर थांबवलं आणि हळूच विचारलं, "पास्कल माझ्यावर का रागावलाय, तुला काही ठाऊक आहे का, बाळ?"

"नाही, फादर," मी म्हटलं.

मी नुकतीच कुमसार करून बाहेर आले होते.