दोन नावांची बाई

माझ्या हृदयाची झडप बदलायची होती, डॉक्टरांनी आठवड्याच्या पुढं ढकलू नका म्हणून बजावलेलं, आणि सरकारी विमा योजनेच्या काउंटरवरचा माणूस म्हणत होता, ही बाई ती नव्हेच.

पूर्वी केशरी रेशनकार्ड दाखवलं की काम व्हायचं. त्यात लोकांनी लबाड्या केल्या, एकाच्या कार्डावर दुसऱ्याचं ऑपरेशन उरकलं, म्हणून योजना सुधारली. आता आधार आणि रेशनकार्ड तंतोतंत जुळायला पाहिजे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! माझ्या आधारवर शाळेतलं, माहेरचं नाव. रेशनकार्डावर मालकांनी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं. नवरीचं नाव बदलायची रीतच आमच्यात. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, आणि तीस वर्षांनी जाब मात्र मला.

मालकांना वाटलं, ह्या माणसाला काहीतरी हवंय. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू? काम अडलं की ओळख काढायची, ही आमची कोल्हापूरची सवय. त्यांनी नगरसेवकाला फोन करायला लावला. झालं, काउंटरवाल्यानं फाइलच मिटून ठेवली. खऱ्या माणसाला वशिला कशाला लागतो, म्हणाला म्हणे.

दुसऱ्या दिवशी तो वॉर्डात आला. मी भिंतीकडं तोंड करून धापा टाकत पडलेली. मागून त्यानं माहेरच्या नावानं हाक मारली. मी वळलेच नाही. आई गेल्यापासून एक भाऊ सोडला तर त्या नावानं मला हाक मारतंय कोण? दुसऱ्या कुणा पेशंटला बोलावत असतील, असं वाटलं. तो मालकांना म्हणाला, "बघा, हिला स्वतःचं नाव माहीत नाही."

मग गडहिंग्लजहून माझा भाऊ आला, शाळेचा दाखला आणि लग्नपत्रिका घेऊन. काउंटरवाला त्याच्या मागोमाग, नजर माझ्यावर. भावानं दारातूनच जुन्या नावानं हाक मारली आणि विचारलं, "जेवलीस का न्हाईस गं?" मला हुंदका आवरेना. लहान पोरीसारखी रडले.

संध्याकाळी मंजुरी आली. कागद जुळले म्हणून आली की माझं रडणं बघून, कोण जाणे. मालक खुर्ची ओढून जवळ बसले, इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "रडलीस ते लई बेस झालं. चांगलं जमलं की तुला."

म्हणजे ह्यांनाही ते नाटकच वाटलं होतं.