दोन मिनिटं मोजणाऱ्या बाई

देवकी डाखोळे कॉलेजात हॉकी खेळली होती, पण बेताचीच. हे ती स्वतःच सांगायची, म्हणून कुणाला खरं वाटायचं नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एका खासगी शाळेत ती शारीरिक शिक्षण शिकवायची आणि गेली पंधरा वर्षं हॉकीच्या सामन्यांना टेबलावर बसायची. मैदानाच्या कडेला, मधल्या रेषेसमोर एक टेबल मांडलेलं असतं. तिथली माणसं घड्याळ सांभाळतात, गोल लिहून घेतात, आणि पंचाने हिरवं कार्ड दाखवून बाहेर काढलेल्या खेळाडूला शेजारच्या खुर्चीवर बरोबर दोन मिनिटं बसवून ठेवतात. सामना सुरळीत झाला तर ही माणसं कुणाच्या नजरेसही पडत नाहीत. काही चुकलं की मात्र सगळं स्टेडियम त्यांच्याकडे बोट करतं.

देवकीचं कधी चुकलं नव्हतं. परीक्षा देत, भोपाळ-राउरकेल्याच्या गाड्यांत उभ्याने झोपत ती वर सरकत गेली, आणि एके दिवशी तिला पत्र आलं. चीनमध्ये होणाऱ्या आशियाई क्रीडा स्पर्धेत हॉकीच्या तांत्रिक अधिकाऱ्यांत तिची निवड झाली होती.

नवरा दुर्गेश मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत होता. त्याने ऑफिसात पेढे वाटले आणि बायको नेमकं काय करणार हे कुणी विचारू नये म्हणून लगेच जागेवर जाऊन बसला. सासूबाईंनी, म्हणजे शोभाताईंनी, मात्र समोरच विचारलं.

"दोन मिनिटं मोजायले थेट चीनले काहून जा लागते वं? कुकरच्या शिट्ट्या तं तुले घरी मोजता येत नाही."

"आई, त्या मोजायले तुम्ही असता ना," देवकी म्हणाली.

रजेचा अर्ज घेऊन ती शाळेच्या कार्यालयात गेली. कारकून रुपराव यांनी छापील फॉर्म पुढे सरकवला.

"खेळाडू का प्रशिक्षक?"

"दोन्ही नाही. तांत्रिक अधिकारी."

"मॅडम, फॉर्मात दोनच रकाने हायेत. तिसरा माणूस सरकारनं अजून पैदा नाही केला."

प्रकरण संस्थेचे सचिव मधुसूदनराव यांच्याकडे गेलं. मधुसूदनरावांचं खेळावर फार प्रेम. त्यांच्या केबिनमध्ये अकरा ढाली होत्या, त्यातल्या नऊ त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून मिळालेल्या. त्यांनी अर्ज चष्म्याच्या वरून वाचला.

"हॉकी? आपली शाळा तर खो-खोची आहे. बरं, तुम्ही भारताकडून ना?"

"कुणाकडूनच नाही, सर. दोन्ही संघांवर लक्ष ठेवायचं काम असतं."

"म्हणजे वॉचमन."

देवकीने नियमांचं पुस्तक काढलं. सचिवांनी घड्याळ पाहिलं. अर्जावर 'विचाराधीन' असा शिक्का पडला. विमानाचा दिवस उजाडला तरी अर्ज विचारातच होता. 'घरगुती कारण' असं लिहून मोकळ्या व्हा, असं रुपरावांनी जाताजाता सुचवलं. देवकीने ते लिहिलं नाही. खऱ्या अर्जाची दुसरी प्रत आवक खिडकीत देऊन ती निघून गेली.

चीनमध्ये तिला निळंशार मैदान मिळालं आणि शांतपणे बसायला खुर्ची मिळाली. एका सामन्याचा शेवटचा भाग चालू होता. भारताचा सामना नव्हता, त्यामुळे इकडे कुणी तो पाहिलाही नाही. एका गोलाने मागे पडलेल्या संघाच्या कप्तानाला हिरवं कार्ड मिळालं. साडेसहा फुटांचा गडी येऊन खुर्चीत कसाबसा मावला. त्याच्या दोन मिनिटांतले बारा सेकंद उरले असताना तो उठला. बाकावरून त्याचा प्रशिक्षक दोन्ही हात फिरवून ओरडत होता: जा, जा! भाषा कळत नसली तरी तेवढं कळत होतं. देवकी उभी राहिली. ती पाच फुटांची. तिने तळहात वर केला. तिला इंग्रजी येत होतं, नियमातलं वाक्य पाठ होतं, पण तोंडातून आठवी 'ब'च्या वर्गातलंच निघालं.

"बस म्हटलं ना खाली!"

गडी बसला. प्रशिक्षकानेही हात खाली घेतले. बारा सेकंद संपले तशी ती म्हणाली, "हं, जा आता," आणि तो गेला. त्या दिवसापासून तिच्या वाट्याला मोठे सामने येऊ लागले. अठरा दिवसांनी ती नागपूरला परतली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या कामाबद्दल कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, या आनंदात होती.

तो आनंद विमानतळाच्या दारापर्यंत टिकला. बाहेर ढोल होता. मधुसूदनराव हार घेऊन उभे होते. एका वर्तमानपत्राने 'नागपूरच्या लेकीने चीनला लोळवले' असा मथळा दिला होता, कारण बातमीदाराने फोन दुर्गेशला केला होता आणि दुर्गेश "हो, हो" म्हणत गेला होता. गल्लीच्या तोंडावर फलक लागला. त्यावर सचिवांचा फोटो दाराएवढा, देवकीचा ओळखपत्राएवढा, आणि मध्ये शोभेला बॅट आणि तीन स्टंप.

"हे काहून केलं गा तुम्ही?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी काहीच नाही बोललो. तो विचारत गेला, मी नाही म्हटलं नाही. आता लोक खुश हायेत तं राहू दे ना."

रविवारी सत्कार झाला. मधुसूदनराव पाऊण तास बोलले. संस्थेने प्रोत्साहन दिलं म्हणूनच हे घडलं, आपण स्वतः पाठीशी उभे राहिलो, मुलींना पंख द्यावे लागतात, वगैरे. मग देवकीला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने माइक हातात घेतला आणि सरळ सांगून टाकलं.

"मी खेळले नाही. मी एकही गोल मारला नाही, मला पदक मिळालेलं नाही. मी टेबलावर बसून वेळ मोजत होते."

सूत्रसंचालकाने लगबगीने माइक घेतला. "किती हा विनय! सुवर्णकन्येचा हा विनय आपण सर्वांनी शिकण्यासारखा आहे!" टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. देवकीच्या हातात मानपत्र आलं, वर सन्मानचिन्ह. पितळी फलंदाज षटकार मारत होता.

मंगळवारी तिला नोटीस मिळाली. रजा मंजूर नसताना अठरा दिवस गैरहजर राहिल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. खाली मधुसूदनरावांची सही होती, मानपत्रावर होती तशीच, लांब शेपटीची.

रुपराव भला माणूस. त्यांनी तिला बाजूला घेतलं. "मॅडम, सोपं हाये. खेळाडूच्या रकान्यात खूण करा, पेपरचं कात्रण जोडा. आजच मंजूर करून देतो. साहेबच तुमाले खेळाडू म्हणून राहिले, मग अडवते कोण?"

"पण मी खेळाडू नव्हते ना."

"ते तुमाले माहीत, मले माहीत. फायलीले काय माहीत?"

घरी दुर्गेशनेही तेच सांगितलं. देवकी रात्रभर विचार करेल असं त्याला वाटलं होतं, पण ती जेवून झोपली आणि सकाळी एका पानाचा खुलासा देऊन आली. त्यात तिने केलं तेवढंच लिहिलं होतं. फाइल वर गेली, खाली आली आणि अठरा दिवस बिनपगारी झाले. संस्थेच्या वार्षिक अहवालात त्याच महिन्यात छापून आलं की आमच्या शिक्षिकेने आशियाई स्पर्धेत सुवर्ण खेचून आणलं. दोन्ही कागद एकाच कपाटात लावायचं काम रुपरावांकडे आलं. त्यांनी ते अगदी निर्विकारपणे केलं.

घरी शोभाताईंनी चीनमधल्या बारा सेकंदांचा किस्सा केव्हाच ऐकला होता. पगार कापल्याच्या तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "खोटं लिवलं असतं तं तुया पगार वाचला असता. पण मंग मी शेजारच्या यमुताईले काय तोंड दाखवलं असतं? तिले मी सांगून बसली, आमची सून कोणाच्या बापाले बारा सेकंद सोडत नाही."

हिवाळ्यात नागपूरजवळच्या कळमेश्वरला मुलींची हॉकी स्पर्धा झाली. टेबलावर देवकी होती, उद्घाटनाला मधुसूदनराव. रीत अशी की पाहुण्यांनी स्टिकने चेंडू मारायचा आणि फोटो काढायचा. मधुसूदनरावांनी स्टिक घेतली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि स्टिकच्या गोल पाठीने चेंडू ढकलला. टाळ्या पडल्या. देवकी उठून मैदानात गेली.

"सर, उलटी धरली. सपाट बाजूनंच मारायचं असतं. परत घ्या."

मधुसूदनराव हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ही बाई हसत नाही. त्यांनी परत मारला, तो हुकला. तिसऱ्यांदा स्टिक मातीत रुतली. बावीस मुली ताठ उभ्या राहून पाहत होत्या. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. चौथ्या वेळी चेंडू कसाबसा वीतभर सरकला.

"चालेल," देवकी म्हणाली आणि टेबलाकडे परतली.

घाम पुसत मधुसूदनराव खुर्चीवर बसले. "ही बाई आहे कोण?" त्यांनी सोबत आलेल्या रुपरावांना दबक्या आवाजात विचारलं.

"साहेब, तुमीच तं सत्कार केला होता या मॅडमचा."

"काहीतरीच काय? ती तर खेळाडू होती."