बेटावरचा ट्रॅक्टर

त्या मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास मी रेडिओवर एक ट्रॅक्टर ऐकला. ट्रॅक्टर ऐकू येण्यात तसं काही विशेष नव्हतं. पण तो जिथून ऐकू आला ते भर समुद्रातलं निर्जन बेट होतं. निदान आम्हाला तसं सांगण्यात आलं होतं.

माझी सगळी नोकरी तारघरात झाली. तारा बंद पडल्या, पुढे मीही निवृत्त झाले, पण बोटांतली कडकट्ट काही गेली नाही. म्हणून रीतसर परीक्षा देऊन हॅम रेडिओचा परवाना काढला. हॅम म्हणजे हौसेखातर घरून रेडिओ चालवणारी माणसं. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कुणाशी दोन वाक्यं बोलायची, वहीत नोंद करायची आणि पुढे एकमेकांना संपर्काचं कार्ड पाठवायचं, एवढाच हा उद्योग. बिबवेवाडीतल्या आमच्या गच्चीवर हाताने फिरवायचा अँटेना आहे. सोसायटीचे सेक्रेटरी त्याच्याकडे आजही बॉम्ब असल्यासारखं बघतात.

या मंडळींत दुर्मीळ बेटांना फार मान असतो. जिथून कधीच कुणी बोलत नाही अशा बेटावर दोघं-तिघं रेडिओ घेऊन गेले, की जगभरचे हजारो लोक त्यांना हाक मारायला तुटून पडतात. पुण्यातून तशी एक मोहीम काढायची कल्पना सरांची. सर म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचे निवृत्त प्राध्यापक, आमच्या गटातले सर्वांत जाणते. पहिल्या यादीत तीन जण होते: सर, मी आणि कॅम्पात घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ. त्यांचं दुकान तीन पिढ्यांचं, शुक्रवारी दुपारी नमाजापुरतं बंद असतं. मी त्यांना भाई म्हणते, ते मला ताई. मोर्स, म्हणजे तारेची ती कडकट्टची लिपी, त्यांना मीच शिकवली, त्यांच्याच दुकानात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, तार ठोकायची पितळी 'की' काउंटरवर ठेवून.

दिवाळीनंतर सरांचा फोन आला.

"ताई, यंदा आपण येऊ नका. तिथे शौचालय नाही, तंबूत राहायचं. आपली गैरसोय होईल."

"मी ग्रहणात, पुरात तारघरात रात्रपाळ्या केल्यात, सर."

"तरी नको. पुढच्या वेळी नक्की."

मला राग आला आणि तो लपवण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही. जानेवारीत दोघं निघाले. स्टेशनवर पोचवायला येते म्हटलं तर सर म्हणाले, गाडी पहाटेची आहे, त्रास घेऊ नका. तीन दिवसांनी व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो आला: तंबू, नारळाचं झाड आणि टेबलावर रेडिओ. खाली अभिनंदनाची रांग लागली. मी फोटो मोठा करून दोनदा पाहिला. बेटावरच्या फोटोत समुद्र कुठेच नव्हता.

त्याच दिवशी त्यांचं केंद्र सुरू झालं. मी हेडफोन लावला आणि पहिल्याच मिनिटात अस्वस्थ झाले. लांबचा सिग्नल वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून खाली येतो. त्यामुळे तो चढतो, विरतो, पुन्हा येतो. हा मात्र एकसारखा होता. मीटरचा काटा उजवीकडे जाऊन जो बसला तो हलायला तयार नव्हता. मोर्सवर हात भाईंचाच होता, त्याबद्दल शंका नव्हती. तारघरात पलीकडे सोलापूरला कोण बसलंय ते आम्हाला पहिल्या दोन शब्दांत कळायचं. भाई अक्षराची शेवटची रेघ किंचित लांबवतात. स्क्रू नीट बसला का ते बघून मगच हात उचलावा, तशी.

म्हणजे माणूस खरा होता. जागेचं मात्र काही खरं वाटेना.

मी गच्चीवर गेले आणि अँटेना नैऋत्येकडे, बेटाच्या दिशेला वळवला. खाली येऊन ऐकलं तर आवाज पडलेला. पुन्हा वर जाऊन तो पूर्वेकडे वळवला. आता आवाज कानठळ्या बसवणारा.

यजमान पेपर वाचत होते. त्यांना सगळं सांगितलं.

"तुला नेलं नाही म्हणून तुझे कान तिखट झालेत," ते म्हणाले.

हे मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. दोन दिवस मी रेडिओ लावला नाही. आपला संशय हा संशय आहे की मत्सर, ते ठरवता येईना. भाजी चिरतानाही मी हिशोब जुळवत होते: स्टेशनवर येऊ दिलं नाही, फोटोत समुद्र नाही, आवाज पूर्वेकडून. मग वाटायचं, आपण एका भल्या माणसाबद्दल काय काय रचतोय!

मंगळवारी पुन्हा ऐकायला बसले. त्या दिवशी मोर्स नव्हतं, सर तोंडी बोलत होते. इटलीच्या कुणाला तरी त्यांनी धन्यवाद दिले, आणि त्या वाक्याच्या मागून ट्रॅक्टर आला. नुसता इंजिनाचा आवाज असता तर जनरेटर म्हणून सोडून दिला असता. पण त्यावर कर्णा लावून गाणं चाललं होतं. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून जाणारा ट्रॅक्टर ज्याने एकदा ऐकलाय त्याला तो दुसरं काही वाटूच शकत नाही. सरांनी घाईने बोलायचं बटण सोडलं. मिनिटभराने पुन्हा बोलले तेव्हा ट्रॅक्टर गेला होता.

आमच्या पूर्वेला, हडपसरपुढे मांजरी गावात सरांचं एक छोटं घर आहे, उसाच्या शेतांना लागून. दसऱ्याला आम्ही तिघांनी तिथेच सराव केला होता.

यजमानांना एवढं सांगितल्यावर त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली. हडपसरच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत तासभर गेला. वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवत होते आणि तेवढ्याच जोराने, तिथे कुणी नसू दे, असंही म्हणत होते. घराशी आलो तर गच्चीवर नवा खांब आणि त्याच्या चारही बाजूंना ताणलेल्या तारा. अंगणात तंबू. नारळ तोच, फोटोतला.

दार भाईंनी उघडलं. दचकले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं.

"या ताई," ते म्हणाले.

यजमानांनी आत डोकावून पाहिलं. "समुद्र कुठे ठेवलात?"

सर हेडफोन काढून उठले. अंगात स्वेटर, दाढी वाढलेली. ती बहुधा बेटासाठीच वाढवली असावी. टेबलावरच्या हेडफोनमधून शेकडो लोकांच्या हाका बारीक किणकिणत होत्या.

"बसा. चहा घ्याल?" सर म्हणाले.

"बेटावर दूध मिळतं वाटतं," मी म्हणाले.

भाई चहा टाकायला आत गेले. सरांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि आवाज उतरवला.

"ताई, त्यांचा कागद आला नाही. बेटावर जायला प्रत्येकाची चौकशी होते, मग परवानगी मिळते. माझी आली. त्यांची निघायला चार दिवस राहिले तरी नाही. का, ते मी आपल्याला सांगायला हवं का?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"त्यांना टाकून मी एकटा कसा जाऊ? आणि मोहीम रद्द केली म्हणून जाहीर केलं असतं तर जगभरातून कारण विचारलं असतं. मग त्यांच्या नावाची चर्चा. ती मला नको होती. चार-पाच दिवस इथून चालवायचं आणि बंद करायचं. कुणाचं काय बिघडतं?"

खरं सांगते, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. मी गच्चीवर अँटेना फिरवत होते आणि इथे एक माणूस मित्राची अब्रू राखत होता. पण लगेच दुसरं मन म्हणालं, हे हजारो लोक खोटी नोंद खरी म्हणून वहीत लिहितायत त्याचं काय?

"मोहीम रद्द, एवढंच लिहायचं होतं, सर. कारण द्यायची सक्ती कुणी केली होती?"

सरांनी टेबलावरचा हेडफोन उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

भाई चहाचे कप घेऊन आले. दार लोटलेलं असलं तरी त्यांनी ऐकलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि मोर्सची 'की' जवळ घेतली. सरांना वाटलं, ते नेहमीसारखं चालू करतायत. मी मात्र अक्षरं ऐकत होते. आम्ही बेटावर नाही. हे सगळे संपर्क रद्द समजा. माफ करा.

"अहो, काय करताय!" सरांनी त्यांचा हात धरला.

"झालं, सर," भाई म्हणाले. त्यांनी हात सोडवून घेतला आणि तेच तीन वाक्यांचं बोलणं पहिल्यापासून पुन्हा पाठवलं, शांतपणे, एकही चूक न करता.

हाका थांबल्या. एवढी गर्दी एकदम गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती. मग कुठून तरी कुणीतरी सावकाश एकच खूण पाठवली, प्रश्नचिन्हाची. भाईंनी मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी जाहीर पत्र लिहिलं: मोहीम प्रत्यक्षात झाली नाही, जबाबदारी सर्वस्वी माझी. कारण लिहिलं नव्हतं. लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. परदेशातल्या काहींनी फार कडक लिहिलं. आमच्या गटावर ज्यांनी फुलांची चित्रं पाठवली होती, त्यांनी ती पुसून टाकली. मला दोघांनी फोन करून विचारलं, "आपल्याला आधीच माहीत होतं का?" त्या प्रश्नातला संशय ओळखू यायला मला वेळ लागला नाही.

महिन्याभराने घड्याळाचा पट्टा बदलायच्या निमित्ताने मी कॅम्पात गेले. भाई डोळ्याला भिंग लावून काम करत होते.

"तुमच्या कागदाचं काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी भिंग काढलं. "ताई, माझा कागद गेला होता का, ते आधी विचारा."

"म्हणजे?"

"फॉर्म भरला, सही केली, फोटो चिकटवले आणि सरांच्या हातात दिला. पुढे तो कुठे गेला ते मी पाहिलं नाही. निघायच्या चार दिवस आधी सर इथे आले, याच खुर्चीवर बसले आणि म्हणाले, तुमचं अडलंय. मी का म्हणून विचारलं नाही. आम्हाला सवय असते." ते पट्ट्याची पिन बसवू लागले. "माझ्यामुळे एवढं मोठं काम बुडालं असंच मला वाटत होतं. म्हणून मांजरीला जाऊन बसलो. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?"

"आणि सरांची परवानगी? ती तुम्ही पाहिलीत?"

"नाही."

मी काउंटरवर हात टेकून उभी राहिले. मला वगळलं ते दिवाळीनंतर. कागद आला नाही हे कळलं जानेवारीत. शौचालयाचं कारण त्यांना इतक्या आधी कसं सुचलं? मी असते तर मांजरीला बसले नसते, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. पण मग खांब, तारा, तंबू ही सगळी खटपट त्यांनी कशासाठी केली? की बेटावर जायचं धाडस मुळातच नव्हतं आणि हो म्हणून बसल्यावर माघार घेता आली नाही? यातलं मला काहीच सिद्ध करता येत नव्हतं.

"सरांना काही विचारू नका," भाई म्हणाले. "म्हातारा माणूस आहे."

नवा पट्टा त्यांनी माझ्या मनगटावर बांधून पाहिला आणि एक भोक वाढवून दिलं. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः, कुणाच्याही हातात न देता, नवा अर्ज केला. शिक्का मारलेली पोच त्यांनी मला दाखवली. मीही माझा अर्ज त्यांच्याबरोबरच दिला. दोन्ही अर्ज अजून कुठल्यातरी टेबलावर आहेत.

भाईंनी नको म्हटलं होतं, तरी मी सरांना फोन केला.

"सर, त्या वेळची आपली परवानगी आणि भाईंच्या अर्जाची पोच मला एकदा बघायची होती."



"हो, हो. घरातच आहेत कुठेतरी," ते म्हणाले. "शोधून ठेवतो."

या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं. सर भेटतात, तब्येत विचारतात, नव्या अँटेनाबद्दल बोलतात. मी दर वेळी विचारते. ते अजून शोधतायत.