माझ्या वाट्याची पात

निर्गुडीचा पाला उकळला की मला आमचं कार्ले गावातलं खाचर आठवतं. भातलावणी चालली होती. सांधेवातानं माझे गुडघे सुजलेले, म्हणून मी बांधावर बसलेले. थोरली जाऊ चिखलात वाकून आपल्या पातीत, म्हणजे वाट्याला आलेल्या पट्ट्यात, सरसर रोपं लावत होती.

"हिचं गुडघं लोखंडाचं हायती," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. माझा जळफळाट झाला.

जाऊ वळून म्हणाली, "तुजी पात बी मीच लावते. तू बस."

मला वाटलं, मिरवतेय. त्यानंतर कित्येक पावसाळे तिनं माझी पात लावली आणि मी बांधावर जळत राहिले.

आता त्याच पाल्यानं मी तिचे गुडघे शेकते. काल डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, "एवढी झीज कशानं झाली?"

"वयानं," ती म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

मला पुन्हा तिचाच हेवा वाटला.