समुद्र मोजणाऱ्या कप्तानाच्या गावात

बाबांना पेंग्विन बघायचे नव्हते, व्हेलही नाहीत. पुण्याहून सहा महिन्यांसाठी परदेशात आमच्याकडे, हॉर्नबी या उपनगरात आलेले बाबा प्रत्येक सहलीच्या वेळी म्हणायचे, "तुम्ही जा, मी घर सांभाळतो." मग एका शनिवारी लायब्ररीत त्यांना एका जुन्या सागरी नकाशाची प्रत दिसली. आकारोआ गावाच्या अलीकडची एक लहानशी खाडी, एकोणिसाव्या शतकात कुणा थॉर्ली नावाच्या नौदल अधिकाऱ्याने मोजलेली. बाबा तासभर त्यावर वाकून बसले आणि म्हणाले, "मुग्धा, इथे जाता येईल का गं?"

बाबा स्वतः नौदलात खलाशी होते, सर्वेक्षणाच्या जहाजावर. ते काय मोजायचे, कसं मोजायचे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी पुढच्या शनिवार-रविवारसाठी केबिन बुक केली.

जाणार असाल तर पेट्रोल शहरातच भरून घ्या. लिटल रिव्हर या गावापर्यंत रस्ता सपाट आहे, तिथे कॉफी आणि खिमा भरलेले 'मीट पाय' मिळतात (आम्ही कॉफी घेतली, खाल्ली मात्र घरून नेलेली थालीपीठं). पुढे घाट लागतो. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी, माझ्या नऊ वर्षांच्या इराने घेतली नाही आणि दोनदा थांबावं लागलं. माथ्यावर पोचलात की खाली अख्खं हिरवं-निळं पाणी दिसतं. मी फोन काढला. बाबा नुसतेच बघत म्हणाले, "वाऱ्याला आडोसा चांगला आहे. इथे जहाज नांगरायला हरकत नाही."

खाडीवरच्या गावातलं संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. तिकीट नाही, दाराशी डबा आहे, त्यात आपल्या मर्जीने टाकायचं. शर्ली नावाच्या सत्तरीच्या बाई ते सांभाळतात. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करत त्यांनी आत घेतलं आणि थॉर्लीची गोष्ट सांगितली.

मोच्याचा हा मुलगा तेराव्या वर्षी जहाजावर चढला. ओळख नाही, वशिला नाही, त्यामुळे त्याच्यामागून आलेले पुढे गेले आणि हा वर्षानुवर्षं लेफ्टनंटच राहिला. लढाईत नाव काढायची संधी मिळाली नाही. त्याला दिलं ते खाड्या मोजायचं काम. उघड्या होडीतून, उन्हापावसात. पाण्याखालचे खडक कुठे आहेत हे इथल्या एका माओरी वृद्धाने त्याला दाखवलं, आणि थॉर्लीने टेकड्यांची माओरी नावं नकाशावर तशीच ठेवली. जहाजाची जागा ठरवायच्या सेक्स्टंट या कोनमापकातून सूर्य बघून बघून त्याचा एक डोळा अधू झाला. कप्तान हा हुद्दा मिळाला तो निवृत्त होताना. मग तो इंग्लंडला परतलाच नाही, याच खाडीवर येऊन राहिला.

"त्याचं जहाज सागवानी होतं," शर्ली म्हणाल्या, "मुंबईत बांधलेलं."

बाबा ताठ झाले. "मुंबईच्या गोदीतलं? आमच्या?"

मूळ नकाशा काचेखाली होता. आकड्यांच्या शेजारी बारीक बारीक अक्षरं होती. शर्ली म्हणाल्या, ती काय आहेत हे लोक नेहमी विचारतात, मला नीट सांगता येत नाही. बाबांनी मला मराठीत सांगायला सुरुवात केली. "आकडे म्हणजे खोली, वावांमध्ये. अक्षर म्हणजे तळ कसला आहे ते. वाळू, चिखल, शिंपले. दोरीला शिसं बांधायचं, शिशाच्या बुडाला चरबी लावायची. तळाचं जे असेल ते चरबीला चिकटून वर येतं. आम्ही कोकणात हेच केलंय. आणि खडक कुठे ते आधी कोळ्यांना विचारायचो."

मी इंग्रजीत सांगेपर्यंत शर्लींचा चेहरा उजळला होता. "दुपारी तीनला गावातली मंडळी चहाला जमतात. त्यांना सांगाल का?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली. बाहेरच्या बाकावर बसल्यावर मला हळूच म्हणाले, "ऑफिसर व्हायला दोनदा मुलाखतीला बसलो होतो. दोन्ही वेळा इंग्रजीत तोंडच उघडलं नाही. आता या वयात परत नको."

चाळीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं.

इरा जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात घेऊन वाळूतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. मराठी तिला समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "आजोबा, यू टॉक, आय'ल से इट इन इंग्लिश. ईझी."

तीन वाजता पंधरा-वीस लोक बसले होते. बाबा सुरुवातीला अडखळले. मग समोरच्या टेबलावरची सुतळी आणि एक चमचा उचलून शिसं कसं टाकतात ते दाखवू लागले, आणि आवाज मोकळा झाला. ते एकेक वाक्य बोलत, इरा इंग्रजीत सांगे. "वाव" या शब्दाशी ती अडली, तेव्हा बाबांनी दोन्ही हात पसरले, "एवढं!" आणि सगळी खोली हसली. एक म्हातारा मच्छीमार उठून म्हणाला, "नकाशात जिथे चिखल लिहिलाय तिथे माझा नांगर आजही चिखलच वर आणतो." मग त्याने बाबांचा हात घट्ट धरला. "गुड ऑन या, मेट."

मी मागे उभी होते. या वेळी फोन खिशातच राहिला.

रविवारी सकाळी टेकडीवरच्या थॉर्लीच्या थडग्यापाशी गेलो. वाट वीसेक मिनिटांची, पण निसरडी. बूट घालून जा. बाबांनी गुडघा दुखत असूनही टाचा जुळवून सलाम केला. "हा साहेब झाला," ते म्हणाले, "पण होडीत बसून काम केलं. मोठा माणूस."

परत येऊन आता तीन आठवडे झालेत. आजवर कुणी विचारलं की बाबा "सरकारी नोकरी होती" एवढंच सांगायचे. परवा मराठी मंडळींच्या जेवणात शेजारी बसलेल्या आयटीतल्या एका तरुणाने विचारलं, "काका, तुम्ही काय करायचात?"

बाबांनी ताटातली पुरी बाजूला ठेवली.

"मी समुद्र मोजायचो," ते म्हणाले.