खुर्च्यांचा इतिहास

सरकारी कंपनीत फाईल हलवायला ढकलावी लागते. किस्से मात्र आपोआप गोळा होतात. मी मुरबाडजवळच्या एका सरकारी कारखान्यात स्टोअरकीपर होतो. तिथं लढाऊ विमानांच्या खुर्च्या जोडल्या जायच्या. विमान पडायला लागलं की वैमानिकाला घेऊन बाहेर उडणाऱ्या. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा मॅनेजर साहेबांनी मला कारखान्याचा इतिहास लिहायला बसवलं. मीच का, विचारलं, तर म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे."

*

पहिलाच प्रश्न, कारखाना सुरू कधी झाला? आवारात कोनशिला निघाल्या तीन. मंत्री तीन, तारखाही तीन. खरी कुठली, म्हणून साहेबांकडे गेलो.

साहेबांनी तिन्ही मंत्र्यांची नावं कागदावर लिहून घेतली. मग म्हणाले, "यातलं सध्या सत्तेत कोण आहे?"

*

पुढचं प्रकरण, 'संपूर्ण स्वदेशी खुर्ची'. मी पडलो स्टोअरवाला. कुठला भाग कुठल्या परदेशी खोक्यातून येतो, मला तोंडपाठ. तसं साहेबांना सांगितलं.

"खोकी कोणी फोडली?"

"आपणच, साहेब."

"मग लिहा, स्वदेशी."

*

मजकूर सुरक्षा विभागाकडे गेला आणि काळ्या शाईत न्हाऊन परत आला. कारखान्याचं नाव, गावाचं नाव, आम्ही काय बनवतो, सगळं गोपनीय. शाबूत राहिलं ते फक्त कॅन्टीनचं प्रकरण.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी आमच्या गेटसमोर थांबली. कंडक्टर रोजच्यासारखा ओरडला, "चला, विमानाच्या खुर्चीवाले उतरून घ्या."

*

शेवटच्या प्रकरणाला साहेबांना काहीतरी भव्य हवं होतं. ते चालून आलं. आमच्या खुर्चीमुळे जीव वाचलेला एक वैमानिक कारखाना बघायला आला. साताऱ्याकडचा, मितभाषी माणूस. साहेब गुच्छ आणि फोटोग्राफर घेऊन तयार.

त्यानं विचारलं, "माझी खुर्ची जोडली कोणी?"

"टीमवर्क," साहेब म्हणाले.

तो नावच विचारत राहिला. शेवटी मी रजिस्टर उघडलं. गणपत विशे, फिटर. निवृत्त होऊन शहापूरकडच्या आपल्या गावी भातशेती करत होता.

गाडी रस्त्यावर ठेवून वैमानिक, साहेब आणि रजिस्टर घेऊन मी, असे तिघं बांधावरून चालत गेलो. विशे लावणीत होता, गुडघाभर चिखलात. पाहुणा कोण, ते मी सांगितलं. विशेनं त्याला नीट न्याहाळलं.

"डाव्या खांद्याला पट्टा घासला काय तुमच्या?"

वैमानिकानं शर्टाची कॉलर बाजूला सारली. मानेपासून खांद्यापर्यंत जाड वण होता.

"पट्ट्याची कडी वाकडी बसते, म्हनून मी तीनदा लिवून दिला व्हता," विशे म्हणाला. "हे साहेब तवा इन्स्पेक्शनला. तीनी टायमाला यांचीच सही, 'नोंद घेतली.'"

साहेब बुटांचा चिखल बांधावर घासू लागले. मी रजिस्टर काखेत घट्ट धरलं.

विशेनं खाचरातल्या पाण्यात हात धुतले. ओली बोटं त्या वणावरून हलकेच फिरवली. मग वैमानिकाला आपल्याशेजारी बांधावर बसवलं आणि घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली,

"गो, चा ठेव. दोनच कप."